गट पाडले, काम मात्र एकट्याचेच

प्रश्न : मी सातवीला गणित शिकवतो. वर्गात अठ्ठेचाळीस विद्यार्थी आहेत. एका प्रशिक्षणाहून परतल्यावर मोठ्या उत्साहाने सहा-सहा जणांचे आठ गट पाडले आणि प्रत्येक गटाला उदाहरणांची एक कार्यपत्रिका देऊ लागलो. दोन महिन्यांचा अनुभव असा, की प्रत्येक गटात एक-दोघे उदाहरणे सोडवतात, दोघे ती उतरवून घेतात आणि उरलेले गप्पा मारतात. माझे नियंत्रण कमी पडते आहे, की मुलांनाच याची सवय नाही?

उत्तर : दोन्ही गोष्टी थोड्याफार असतील, पण मुख्य दोष तुमच्या कार्यपत्रिकेत आहे असे मला वाटते. जी उदाहरणे एखादी हुशार मुलगी दहा मिनिटांत एकटीने सोडवू शकते, ती सहा जणांपुढे ठेवली तर ती ती एकटीच सोडवणार. उरलेल्या पाच जणांना आळशी ठरवण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्या वाट्याला काम आलेलेच नसते.

मोठ्यांचेही याहून वेगळे होत नाही. रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढण्यावर केलेले प्रयोग १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोर ओढणारी माणसे जसजशी वाढत गेली, तसतसा माणशी लावला जाणारा जोर कमी होत गेला. ही घट काही अंशी एकमेकांचा मेळ न बसल्यामुळे होती. मात्र १९७९ मध्ये अमेरिकेत टाळ्या वाजवणे आणि ओरडणे यांवर झालेल्या प्रयोगांतून हेही दिसले, की आपला आवाज इतरांच्या आवाजात मिसळणार आहे हे कळले की माणूस आपोआप हात राखून काम करतो. तेव्हा पहिला बदल सोपा आहे : गट सहाचा न ठेवता चौघांचा करा. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळून बसले की गट तयार होतो आणि बाके हलवण्यात वेळ जात नाही. सहा जणांचा गट नाही तरी पाच मिनिटांत फुटतोच.

दुसरा बदल कठीण आहे आणि खरे काम त्यातच आहे. गटाला असा प्रश्न द्यायला हवा, की ज्याचे उत्तर काढण्यापेक्षा ते पटवून देणे अवघड असेल. एका वर्गात मी पाहिलेला प्रसंग सांगते. फळ्यावर एवढाच प्रश्न होता : दोन तृतीयांश मोठे की तीन पंचमांश, आणि ते चित्र काढून सिद्ध करा. एक मुलगा लगेच म्हणाला, तीन पंचमांश मोठे, कारण तीन हा दोनपेक्षा मोठा आणि पाच हा तीनपेक्षा मोठा. दुसऱ्याने दोन पट्ट्या काढल्या, एकीचे तीन भाग केले, दुसरीचे पाच आणि भाग रंगवून दाखवले. चित्रातही तीन पंचमांशच मोठे दिसत होते, त्यामुळे पहिला खूश झाला. तोपर्यंत गप्प असलेल्या मुलीने वही स्वतःकडे फिरवली, थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "दोन्ही पट्ट्या सारख्याच लांबीच्या नकोत का?" दुसरी पट्टी चांगली बोटभर लांब होती. मग खोडरबर आले, पट्ट्या नव्याने आखल्या गेल्या आणि उत्तर उलटले. शिक्षिका दोन पावलांवर उभ्या होत्या आणि काहीही बोलल्या नाहीत. ते न बोलणे फार कठीण असते, हे तुम्हीही मान्य कराल.

या प्रसंगात प्रत्येकाच्या चुकीचा गटाला उपयोग झाला. पंचवीस उदाहरणांच्या कार्यपत्रिकेत अशी चूक फक्त खोडली जाते. म्हणून तासाला उदाहरणे दोनच द्या, पण गटचर्चेआधी तीन-चार मिनिटे प्रत्येकाला आपापल्या वहीत एकट्याने विचार करू द्या. ही मिनिटे गाळली तर सर्वांत चपळ मुलाचे उत्तर तेच गटाचे उत्तर ठरते. शेवटी गटातल्या प्रत्येकाला एक ते चार असे क्रमांक द्या आणि चिठ्ठी काढून, समजा, तीन क्रमांकाच्या मुलांना उभे करून गटाची रीत समजावून सांगायला लावा. कोणाचा क्रमांक येईल हे आधी माहीत नसल्यामुळे गटातल्या जाणत्या मुलाला इतरांना शिकवावेच लागते.

वेळ पाहणारा, लिहून घेणारा, साहित्य आणणारा अशा भूमिका वाटून देण्याची पद्धत प्रशिक्षणात तुम्हाला बहुधा सांगितली असेल. माझा तिच्यावर फारसा भरवसा नाही. घड्याळाकडे पाहणारा मुलगा बऱ्याचदा घड्याळाकडेच पाहत राहतो. त्यापेक्षा माहितीच वाटून दिलेली बरी. अमेरिकेत टेक्सासमधील ऑस्टिन येथे १९७१ मध्ये, वेगवेगळ्या वंशांची मुले नुकतीच एका वर्गात आली होती आणि वातावरण तणावाचे होते, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक तुकडा दिला. समान तुकडा मिळालेली मुले आधी एकत्र बसून तो नीट समजून घेत आणि मग आपापल्या गटात परतून इतरांना शिकवत. ज्या मुलाला कोणी विचारत नव्हते, त्याचे बोलणे आता ऐकावेच लागे, कारण त्याच्याकडचा भाग दुसऱ्या कोणाकडे नव्हता. विज्ञान आणि इतिहासात ही रीत छान चालते. गणितात मात्र धडा असा तोडला तर संकल्पनाच तुटण्याची भीती असते, तेव्हा तिथे जपून.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. गटाच्या प्रकल्पाचे सगळे काम ती रात्री जागून करते आणि गुण मात्र चौघांना सारखेच मिळतात. ती म्हणते, "मला गटात बसवूच नका." तिचे चुकते आहे का?

उत्तर : तिचे चुकत नाही, गुण देण्याची पद्धत चुकते आहे. एका तक्त्यावर चौघांना सारखे गुण दिले, तर कोण काय शिकले हे शिक्षकांनाही कळत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्लाव्हिन यांनी सहकारी अध्ययनावर, म्हणजे मुलांनी गटात एकमेकांच्या मदतीने शिकण्यावर, दीर्घकाळ काम केले. त्यांच्या पद्धतीत गटाचे यश हे प्रत्येक सदस्याच्या स्वतंत्र चाचणीवर आणि तिथे त्याच्या आधीच्या गुणांत किती सुधारणा झाली यावर ठरते. शाळेत भेटाल तेव्हा एवढीच विनंती करा, की प्रकल्पानंतर प्रत्येकाची पाच प्रश्नांची छोटी चाचणी घ्यावी. गटातून काढण्याची मागणी मात्र करू नका.

याचे एक कारण आहे. गटात मुले कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या नोरीन वेब यांच्या संशोधनात असे दिसून आले, की गटात इतरांना कारणांसह समजावून सांगणाऱ्या मुलांचा स्वतःचाही फायदा होतो, तर ज्यांना नुसते तयार उत्तर मिळते त्यांचा होत नाही. म्हणजे सध्या तुमची मुलगी इतरांचे काम करून त्यांचाही तोटा करते आहे आणि स्वतःचाही. तिला हे तोट्याच्या भाषेत सांगू नका, मुलांच्या मनाला ते लागते. त्याऐवजी, कोणी अडले की उत्तर सांगण्याआधी "तू इथपर्यंत कसा आलास?" हा एक प्रश्न विचारायचा, एवढे तिच्याशी ठरवून घ्या.

प्रश्न : गटकार्य सुरू झाले की वर्गात फार गलका होतो आणि शेजारच्या वर्गातून तक्रार येते. काय करावे?

उत्तर : आवाज होणारच; पण तो चर्चेचा आहे की गोंधळाचा, हे दारात उभे राहून कळत नाही, बाकाजवळ जाऊन ऐकावे लागते. शांततेची एक खूण पहिल्याच आठवड्यात पक्की करा : तुम्ही हात वर केला की ज्याला दिसेल त्याने हात वर करून बोलणे थांबवायचे. सूचना मात्र पूर्ण शांतता झाल्यावरच द्या, एकदा जरी गलक्यात बोललात तरी ती खूण बाद झाली असे समजा. शेजारच्या वर्गशिक्षकांना एकदा तासाला येऊन बसण्याचे आमंत्रणही देऊन पाहा.