उत्तर चुकलंय, पण कुठल्या ओळीत?

सबमिशनची तारीख जवळ आली की या सदराकडे येणारी पत्रं वाढतात. या वेळी कॅल्क्युलस आणि केमिस्ट्रीचीच जास्त आहेत.

सर, मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. असाइनमेंटमध्ये १ भागिले एक्सचा वर्ग याचं −१ ते १ या मर्यादांत इंटिग्रेशन विचारलंय. माझं आणि मित्राचं उत्तर −२ आलं. मोबाइलवरचं ॲप म्हणतं, ‘डायव्हर्ज होतं’. कोण बरोबर? (कात्रज)

ॲप बरोबर आहे. मित्राचं उत्तर तुझ्याशी जुळलं म्हणून हुरळून जाऊ नकोस, वही एकच असेल तर चूकही एकच असते.

तू काय केलंस ते दिसतंय. इंटिग्रेशन करून उणे १ भागिले एक्स आणलंस. वरची मर्यादा घातलीस, −१ आलं. खालची घातलीस, +१ आलं. वजाबाकी −२. आकडेमोडीत खोट नाही. आता पेन खाली ठेव आणि नुसतं फंक्शनकडे बघ. एक्सचा वर्ग कधी ऋण होतो का? नाही. म्हणजे अख्खा आलेख अक्षाच्या वर. मग त्याच्याखालचं क्षेत्रफळ उणे दोन येईलच कसं? इथेच पाणी मुरतंय. मर्यादा घालून वजाबाकी करायची मुभा फंक्शन त्या सगळ्या अंतरात कंटिन्युअस (कुठेही न तुटणारं) असेल तरच असते. हे फंक्शन शून्यापाशी फुटतं आणि शून्य तर तुझ्या मर्यादांच्या बरोबर मधोमध बसलंय. ०.०१ पासून १ पर्यंत इंटिग्रेशन करून बघ, ९९ येईल. ०.००१ पासून केलंस तर ९९९. शून्याकडे जितकं सरकशील तितका आकडा फुगत जातो, कुठेच थांबत नाही. डायव्हर्ज म्हणतात ते हेच.

आता मदत मागण्याबद्दल. ‘सर, हे गणित येत नाही’ असं म्हटलंस तर सर फळ्यावर सगळं सोडवून दाखवतील, तू उतरवून घेशील आणि परीक्षेत पुन्हा तिथेच अडकशील. ‘मर्यादा घातल्या, −२ आलं, पण फंक्शन तर धन आहे, कुठे चुकलं?’ असं विचारलंस तर स्टाफरूमच्या दारात दोन मिनिटांत काम होतं. ॲपलाही असंच विचार. स्वतःच्या पायऱ्या लिही आणि पहिली चुकीची ओळ तेवढी दाखव म्हणून सांग. ते उत्तरही तपासून घे, कारण ॲप चुकतं तेव्हासुद्धा मोठ्या आत्मविश्वासाने चुकतं.

मुलगा एफ. वाय. बी. एस्सी.ला आहे. गणित आणि केमिस्ट्री दोन्हींना क्लास लावा म्हणतो. फी ऐकून छाती दडपते. लावावा का? (एक वडील, सिंहगड रस्ता)

लगेच नको. आधी त्याला विचारा, कॉलेजच्या ट्युटोरियलला बसतोस का? बरीच मुलं नेमका तोच तास बुडवतात आणि संध्याकाळी पैसे मोजून तेच ऐकतात. एनपीटीईएल या ऑनलाइन संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, तिथून मागे फक्त उत्तरं दिलेलं पुस्तक घ्या. सगळं सोडवून दिलेलं गाइड घेऊ नका. गणिताची खरंच गोडी असेल तर लॉ कॉलेज रस्त्याजवळचं भास्कराचार्य प्रतिष्ठान त्याला दाखवून आणा. १९७६ पासूनची गणिताची संस्था आहे. मात्र केटी (नापास होऊन मागे राहिलेला विषय) सोडवायला तिथे जायचं नसतं. एवढं करूनही सहामाहीत तो अडला तर एकाच विषयाला क्लास लावा.

प्रॅक्टिकलला ऑक्झॅलिक ॲसिडचं ०.१ नॉर्मल द्रावण २५० मिली करायचं होतं. मी १.१२५ ग्रॅम घेतलं. त्याच्या १० मिलीला ब्युरेटमधलं (खुणा असलेल्या उभ्या नळीतलं) सोडियम हायड्रॉक्साइड तिन्ही वेळा ७.१ मिलीच लागलं. बाकीच्यांचं १० च्या आसपास. जर्नलमध्ये १० लिहू का? (एस. वाय., शिवाजीनगर)

अजिबात लिहू नकोस. तिन्ही रीडिंग जुळली म्हणजे तुझा हात स्थिर आहे, फिकट गुलाबी रंगावर तू वेळेत थांबतेस. गडबड ब्युरेटच्या आधीची आहे.

पुन्हा बाटलीकडे जा आणि लेबल वाच. प्रयोगशाळेत सहसा मिळतं ते ऑक्झॅलिक ॲसिड पाण्याचे दोन रेणू घेऊन आलेलं, म्हणजे डायहायड्रेट असतं. त्याचं रेणुवस्तुमान १२६, तू धरलंस ९०. ॲसिड दोन हायड्रोजन देतं, म्हणून इक्विव्हॅलंट वजन (एका हायड्रोजनच्या वाट्याचं वजन) त्याच्या निम्मं, ६३ हवं, तू ४५ घेतलंस. ६३ गुणिले ०.१ गुणिले ०.२५, म्हणजे साधारण १.५७५ ग्रॅम. तुझं द्रावण ०.१ नॉर्मल नव्हतंच, ०.०७१ होतं.

आता ९० ला १२६ ने भाग. ०.७१. तुझं ७.१ भागिले सगळ्यांचं १० केलंस तरी तेच. उत्तर चुकलं की बरोबर उत्तराशी त्याचं गुणोत्तर काढायचं. ते दोन आलं तर कुठेतरी दुप्पट-निमपट झालीय, हजार आलं तर मिली-लिटर चुकलंय. रीडिंग जसंच्या तसं लिही, खाली कारण लिही. मॅडमना हे खोट्या १० पेक्षा जास्त आवडेल, निदान मला तरी आवडलं असतं.

१० चा उणे आठवा घात मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा पीएच ८ का नाही?

पीएच म्हणजे आम्लता मोजणारा आकडा, ७ च्या वर गेला की द्रावण अल्कली. आणि ॲसिड कितीही पातळ केलं तरी ते अल्कली होत नाही. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन ॲसिडच्या आयनांच्या जवळपास दहापट आहेत, ते तू सोडून दिलेस. धरलेस तर २५ अंश सेल्सिअसला ६.९८ येतो.

माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम. वर्गात इंग्रजीत शंका विचारायची भीती वाटते. (जुन्नरहून आलेली विद्यार्थिनी)

मराठीत विचार. ‘सर, इथे चेन रूल का लावला?’ यात घाबरण्यासारखं काय आहे? पुण्यातल्या बहुतेक शिक्षकांना मराठी येतं. ज्यांना येत नाही त्यांना वही दाखव आणि अडलेल्या ओळीवर बोट ठेव.

एक सीनियर पैसे घेऊन असाइनमेंट लिहून देतो. वेळच नसेल तर काय हरकत?

तोंडी परीक्षेला एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) तीच फाइल उघडून एखाद्या पानावर बोट ठेवतात आणि विचारतात, ‘ही पायरी कशी आली?’ तेव्हा सीनियर शेजारी नसतो. वेळ नसेल तर दहातली चार गणितं स्वतः कर, उरलेली जिथे अडली तिथे सोड आणि तसंच सबमिट कर. दोन मार्क जातील.