घर आणि आपण : नाताळच्या तयारीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चौघे वाशीला सिडकोच्या जुन्या इमारतीत, दोन खोल्यांच्या घरात राहतो. यंदा नाताळला सासू-सासरे आणि नणंदेकडचे चौघे अहिल्यानगरहून (आमच्या तोंडी अजून नगरच) आठ दिवसांसाठी येणार आहेत. आम्ही दोघेही नोकरी करतो. साफसफाई, फराळ, केक, सजावट यांपैकी कशाला आधी हात घालावा, हे सुचत नाही.
(एक भगिनी, वाशी)

उत्तर : आपल्या यादीत एक काम राहून गेले आहे आणि माझ्या मते सुरुवात त्यापासूनच करावी. ते काम म्हणजे घर रिकामे करणे. दोन खोल्यांत दहा माणसांना आठ दिवस राहायचे असेल, तर सजावटीपेक्षा मोकळी जमीन अधिक मोलाची ठरते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माळ्यावरचे आणि पलंगाखालचे सामान बाहेर काढून रद्दी-भंगार देऊन टाकावे आणि पलंगाखाली निघालेली जागा पाहुण्यांच्या बॅगांसाठी राखून ठेवावी, कारण सहा माणसांच्या बॅगा भिंतीकडेला लागल्या की घर निम्मे झालेच म्हणून समजा. त्याच आठवड्यात गाद्या-रजयांना दोन-तीन दुपारी कडक ऊन द्यावे. खाडीकाठच्या हवेत पावसाळ्यात मुरलेली ओल दिवाळीनंतरही गाद्यांतून पुरती जात नाही. आपल्याला त्या वासाची सवय झालेली असते, पण नगरच्या कोरड्या हवेतून आलेल्या माणसाला तो पहिल्याच रात्री जाणवतो. भिंतीवर बुरशीचे डाग असतील तर ते कोरडे झाडू नयेत, ओल्या फडक्याने पुसावेत आणि भिंत पुरती वाळल्याशिवाय रंगाचा विचारही करू नये.

फराळ टिकाऊपणाच्या क्रमाने करावा. सर्वांत आधी केकचा मेवा. काळ्या मनुका, बेदाणे, खजूर आणि संत्र्याची साल रममध्ये भिजवायची असल्यास ती आताच कोरड्या काचेच्या बरणीत भरून ठेवावी. वाशीचे मसाला मार्केट आपल्याला जवळच असल्याने या खरेदीसाठी लांब जाण्याचे कारण नाही. घरात रम चालत नसेल तर संत्र्याचा रस वापरावा, मात्र रसातला मेवा दिवसच्या दिवस बाहेर राहिला तर आंबतो, म्हणून तो केकच्या आदल्या रात्री भिजवून फ्रिजमध्येच ठेवावा. मेवा निथळून चमचाभर मैद्यात घोळवला की केकच्या तळाशी बसत नाही. कुलकुल 18 ते 20 तारखेच्या दरम्यान करावेत. काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून वळायचे काम मुले आनंदाने करतात; वळ्या थोड्या वेड्यावाकड्या आल्या तरी तळल्यावर कळत नाहीत. तळणी मंद आचेवर करावी आणि कुलकुल पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावेत, नाहीतर दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. सुक्या खोबऱ्याच्या करंज्या आधी केल्या तरी चालतील, ओल्या नारळाच्या मात्र 24 तारखेलाच कराव्यात. कॅरोल म्हणणारी मंडळी आपल्या इमारतीत कोणत्या रात्री येणार, हे चर्चमध्ये आधी विचारून ठेवावे आणि एक डबा त्यांच्यासाठी वेगळा काढून ठेवावा, कारण घरातली मुले उरलेल्या डब्यांचे काय करतील याचा भरवसा नसतो.

खरी कसोटी 25 तारखेच्या सकाळची. न्हाणीघर एक, माणसे दहा आणि उपासना वेळेवर सुरू होणार. मुलांच्या आंघोळी आदल्या रात्रीच उरकाव्यात, पहाटेचे गरम पाणी वडीलधाऱ्यांसाठी ठेवावे आणि सर्वांचे कपडे 22 तारखेपर्यंत इस्त्रीवाल्याकडून परत आणावेत. सोसायटीचे पाणी ठरावीक वेळी येत असेल तर एक पिंप जादा भरून ठेवावे.

प्रश्न : आमच्या घरी दरवर्षी नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडतात. मुलांचा आग्रह आहे की यंदा थर्माकोल नको. मग हिरवळ आणि डोंगर कशाचे करावेत?
(एक वाचक, मासुंदा तलाव परिसर, ठाणे)

उत्तर : मुलांचे म्हणणे योग्यच आहे, राज्यात 2018 पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. डोंगरासाठी जाड खाकी कागद चुरगाळून, पुन्हा सैल करून खोक्यांवर पसरावा. त्याच्या घड्या खडकासारख्या दिसतात. हिरवळीसाठी नाचणी पेरावी. रात्रभर भिजवलेली नाचणी पसरट ताटलीत मातीच्या पातळ थरावर दाट पसरून दोन दिवस ओल्या फडक्याखाली ठेवावी, मग उजेडात आणून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. पेरणी 14 तारखेच्या सुमारास केली की नाताळपर्यंत बारीक, मऊ गवत तयार होते. गहूही चालतो, पण त्याची पाती भराभर वाढून मेंढ्यांच्या डोक्यावरून जातात आणि मेंढपाळ शेतात हरवल्यासारखे दिसतात.

गव्हाणीत पेंढा खराच घालावा. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी 1223 मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे मांडलेल्या देखाव्यातही खरे गवत होते आणि बैल व गाढवही जिवंत होते. पेंढा आणि कापसाचा बर्फ असला की दिव्यांची माळ मात्र त्यांच्यातून नेऊ नये, ती वरून, छपराच्या कडेने सोडावी. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी असलेली एलईडी माळ घ्यावी. तुटलेल्या जागी चिकटपट्टी लावलेली जुनी माळ या वर्षी खुशाल टाकून द्यावी. मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघताना माळ बंद केल्याची खात्री करावी, कारण सगळे घर रिकामे असण्याची वेळ नेमकी तीच असते. बाळ येशूची मूर्ती 24 तारखेच्या रात्रीपर्यंत कपाटात राहते. ती ठेवण्याचा मान घरातल्या सर्वांत लहान मुलाला द्यावा, पण कपाटातली जागा मोठ्यांपैकी कोणीतरी लक्षात ठेवावी. 6 जानेवारीच्या तीन राजांच्या सणानंतर गोठा आवरला की नाचणीची माती कुंड्यांत टाकता येते.

प्रश्न : आम्ही हिंदू आहोत, पण शाळेतल्या मैत्रिणींमुळे मुलीला नाताळचे झाड हवे आहे. नर्सरीतले आणले तर जगेल का?
(एक पालक, ऐरोली)

उत्तर : जगेल, फक्त ते दिवाणखान्यात वर्षभर ठेवू नये. आपल्याकडे या नावाने विकतात ते बहुधा अरोकेरिया, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे झाड असते. त्याला भरपूर उजेड हवा, पण कुंडीत पाणी साचलेले चालत नाही. फांद्या नाजूक असतात, म्हणून कागदाच्या हलक्या चांदण्या टांगाव्यात, काचेचे गोळे नकोत. आठ-दहा दिवस घरात ठेवून झाड पुन्हा गॅलरीत न्यावे, मात्र थेट दुपारच्या उन्हात न ठेवता पहिला आठवडा सावलीच्या कडेला ठेवावे. शेंड्याची मात्र विशेष काळजी घ्यावी : तो मोडला की झाड पूर्वीसारखे सरळ वाढत नाही, तेव्हा सर्वांत वरची चांदणी शेंड्याला न बांधता मागे रोवलेल्या बारीक काठीला बांधावी.