भरतनाट्यमच्या अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसताना, गुडघा दुखतोय?

अगं, लगेच क्रेप बँडेज गुंडाळू नकोस. आधी आरशासमोर अरमंडीत बस आणि गुडघा कुठे जातोय ते बघ. तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. तुझा आत पडतोय, कारण तू पावलं बळंच बाहेर वळवतेस. वळण खुब्यातून येतं. खुबा जेवढा वळेल तेवढंच पाऊल उघड. फोटोत कमी दिसलं तर दिसू दे.

मीही सुरुवातीला कंबरेत बाक काढूनच बसायचे. भावे नाट्यमंदिरात नाचले की दुसऱ्या दिवशी कंबर धरून फिरायचे! मग भिंतीला पाठ लावून, टाचा वीतभर पुढे ठेवून हळूहळू खाली सरकायला लागले, तेव्हा कुठे कळलं: माकडहाड जमिनीकडे, बरगड्या आत, मान मोकळी. रोज एवढंच दहा वेळा कर. ताल नको, घुंगरू तर नकोच.

आणि सरावाची जागा बदल. सांगलीतल्या घरांतल्या शहाबादी फरशीवर तट्टअडवू (तळपाय जमिनीवर आपटायचा प्रकार) मारलास की हादरा थेट नडगीत जातो. सतरंजी सरकते, त्यापेक्षा लाकडी जमीन शोध. गुडघ्याला सूज आली तर मात्र माझं ऐकत बसू नकोस, डॉक्टर गाठ.