सचिवांची वही

‘ताई, शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावोगावच्या विकास सोसायट्यांना कॉम्प्युटरच्या कामात मदत करणं ही माझी नोकरी. सोसायटीचा हिशेब सांभाळणारे एक वयस्कर गटसचिव दिवसातून चार वेळा फोन करून तोच प्रश्न विचारतात. एकदा मी आवाज चढवला. त्यांनी वर तक्रार केली आणि साहेबांनी मला संवादकौशल्याच्या वर्गाला बसवलं. चूक माझी आहे का? इतकं शिकवूनही हे गृहस्थ संध्याकाळी सगळ्या नोंदी पुन्हा वहीत उतरवून काढतात!’

हो, चूक तुझीच आहे.

तुझं तीन पानी पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या वहीपाशी अडले. तू ती शेवटी, टोमणा मारावा तशी लिहिलीस. त्या वहीत काय आहे, हे कधी विचारलंस त्यांना?

माझ्या मामांनी आयुष्यभर सोसायटीची किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहिली. संध्याकाळी पेटीतली रोकड आणि किर्दीतली शिल्लक पैशाला पैसा जुळेपर्यंत ते जेवायला उठत नसत, कारण खाली सही त्यांची असायची. तुझ्या सचिवांचीही असते. तुझी असते का?

एक वसुलीचीच नोंद घे. खरिपाचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत फिटलं, तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. भरणा ३० तारखेला झाला आणि नोंद एप्रिलमध्ये पडली, तर त्या शेतकऱ्याची सवलत अडकणार. तो काही तुला फोन करणार नाही. तो सचिवांच्या ओट्यावर येऊन बसणार, आणि उद्याही त्याच गावात त्यांना त्याच्यासमोरून जायचं असतं. म्हणून बटण दाबण्याआधी ते चौथ्यांदा विचारतात. तुला प्रश्न तोच वाटतो, पण त्यांच्यापुढचं खातं दर वेळी दुसऱ्याचं असतं.

२०२२ साली केंद्राने देशातल्या ६३,००० सोसायट्या संगणकावर आणायला मंजुरी दिली. तुझी नोकरी त्यातूनच आली असणार. पण पडद्यावर आज जे आकडे तू बघतोस, ते आधी कुणीतरी हाताने लिहून, जुळवून ठेवले होते रे! त्याच माणसांवर तू ओरडतोस, याचा मला राग येतो.

सोमवारी त्यांच्या सोसायटीत जा. फोन नको, स्वतः जा. तक्रारीचा विषय काढू नकोस. शेजारी बस आणि म्हण, ‘अण्णा, वही दाखवता का?’ मग एका दिवसाच्या नोंदी दोघांनी मिळून जुळवा. वही त्यांनी वाचायची, पडदा तू. फरक निघाला तर आधी पडद्यावरचं तपास. आणि माऊस त्यांच्याच हातात राहू दे. भलतीकडे गेले तरी मध्ये हात घालू नकोस, तोंडाने सांग.