मी सांगलीत बी.ए.ला आहे, शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. वरच्या पातळीचा इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवू?

सुट्या शब्दांच्या याद्या पाठ करणं आधी थांबव. शब्द वाक्यात भेटला तरच टिकतो.

जो विषय तुला मराठीत पक्का ठाऊक आहे, तोच इंग्रजीत वाच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीची बातमी घे. नदी धोक्याची पातळी ओलांडते तेव्हा ती 'ब्रीच' करते, पाणी ओसरतं तेव्हा 'रिसीड' होतं, रस्ते पाण्याखाली जातात ते 'सबमर्ज्ड'. प्रसंग तू पाहिलेला असतो, त्यामुळे अर्थ शोधावा लागत नाही. हळदीच्या सौद्यांच्या बातम्याही अशाच वाच: 'प्राइसेस फर्म्ड अप' (भाव वधारले), 'स्लगिश डिमांड' (मंद मागणी). मागणीला 'स्लगिश' लागतं, 'लेझी' नाही. शब्दांच्या अशा जोड्याच वहीत उतरवायच्या, अख्ख्या वाक्यासकट. इंग्रजी खरं इथे कळतं आणि नेमकं हेच बहुतेक क्लासमध्ये शिकवत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

यादी हवीच असेल तर अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट' (२०००) बघ. तिच्यात ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपं) आहेत, पाठ्यपुस्तकं आणि संशोधन लेखांत वारंवार येणारी. दुर्मिळ, भारदस्त शब्दांच्या मागे लागण्याआधी ही संपव.

शब्दकोश इंग्रजी-इंग्रजीच वापर, आणि नवा शब्द त्याच आठवड्यात स्वतःच्या लिखाणात आणून कुणाला तरी तपासायला दे.