स्ट्रक्चरमधले मोकळे बाइट

प्रश्न : क्रॉस-कम्पायलर (दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी कोड बनवणारा कम्पायलर) वापरून ३२ बिटांचं छोटं कर्नल लिहितोय. जीडीटी (मेमरीच्या सेगमेंटांचं वर्णन करणारं टेबल) लोड करून सेगमेंट बदलला की क्यूईएमयू (संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम) लगेच रीसेट होतं. टेबल दहा वेळा तपासलं. काय चुकतंय?

उत्तर : टेबल बरोबरच आहे. चूक आहे ती एलजीडीटीला, म्हणजे टेबल लोड करणाऱ्या सूचनेला, दिलेल्या स्ट्रक्चरमध्ये. त्यात आधी १६ बिटांची लिमिट (टेबलची लांबी), मग ३२ बिटांचा बेस (टेबलचा पत्ता). प्रोसेसरला हे सहा बाइट सलग हवे असतात. कम्पायलर मात्र बेस हे फील्ड ४च्या पटीतल्या पत्त्यावर यावं म्हणून मध्ये दोन बाइट मोकळे सोडतो. समजा, टेबल हेक्समध्ये ००१०२००० या पत्त्यावर आहे. मेमरीत ते ०० २० १० ०० असं उलट बसतं. प्रोसेसर तिसऱ्या बाइटपासून बेस वाचतो, त्यामुळे त्याला आधी मोकळे दोन शून्य बाइट मिळतात, मग ०० २०. बेस झाला २०००००००, म्हणजे थेट ५१२ एमबीवर! एलजीडीटी काहीच कुरकुर करत नाही. पुढचा ‘फार जंप’ (सेगमेंट बदलणारी उडी) फसतो, फॉल्ट हाताळायला आयडीटी (फॉल्ट आला की कुठे जायचं ते सांगणारं टेबल) नसते, आणि ट्रिपल फॉल्ट (फॉल्ट हाताळतानाच पुन्हा पुन्हा फॉल्ट) होऊन मशीन रीसेट होतं. या स्ट्रक्चरला, मध्ये मोकळे बाइट सोडू नकोस असं कम्पायलरला सांगणारा, पॅक्ड अ‍ॅट्रिब्यूट लावा. ६४ बिटांच्या मोडमध्येही तो लागेलच. तिथे तर सहा बाइट मोकळे सुटतात.

प्रश्न : डिस्क इमेज बनवणारा प्रोग्रॅम माझ्या ६४ बिटांच्या लिनक्स लॅपटॉपवर चालतो, कर्नल आय३८६साठी (३२ बिटांच्या इंटेल प्रोसेसरसाठी) आहे. हेडर फाइल एकच, तरी कर्नलला फाइलचे आकार भलतेच दिसतात.

उत्तर : हेडर एक असलं तरी एबीआय (डेटा मेमरीत कसा मांडायचा वगैरेचे नियम) दोन आहेत. तुमच्या स्ट्रक्चरमध्ये ३२ बिटांचा क्रमांक आणि ६४ बिटांचा आकार आहे. लॅपटॉपवर ते १६ बाइटचं होतं. आय३८६च्या एबीआयमध्ये ६४ बिटांच्या फील्डला ४ची अलाइनमेंट (४च्या पटीतला पत्ता) पुरते, म्हणून तिथे १२च. एआरएम प्रोसेसरच्या एबीआयमध्ये (ईएबीआय) पुन्हा १६. आठ बाइटचं फील्ड आधी घ्या, मग चारचं, आणि शेवटी चार बाइटचं राखीव फील्ड स्वतः लिहून त्यात शून्य भरा. आता तिन्हीकडे १६ येतील. लाँग हा पूर्णांकाचा प्रकार मात्र अजिबात वापरू नका. तुमच्या लॅपटॉपवर तो ८ बाइटचा, आय३८६वर ४चा.

प्रश्न : मग सगळ्याच स्ट्रक्चरना पॅक्ड लावून मोकळं व्हावं का?

उत्तर : नको, कळकळीने सांगतो. मांडणी बाहेरून ठरून आलेली असेल तिथेच तो लावा. फॅट या फाइल सिस्टिमच्या बूट सेक्टरमध्ये सेक्टरचा आकार अकराव्या ऑफसेटला, म्हणजे विषम पत्त्यावर असतो. तिथे इलाज नाही. पण एआरएमव्ही७-ए प्रोसेसरवर एमएमयू (मेमरीचे पत्ते बदलून देणारा भाग) सुरू होण्याआधी अनअलाइन्ड (फील्डच्या आकाराच्या पटीत नसलेल्या पत्त्यावर) अ‍ॅक्सेस झाला की फॉल्टच. लॅपटॉपवर बिनबोभाट चालणारा कोड एआरएमच्या बोर्डवर बूट होतानाच पडतो. डिव्हाइसच्या रजिस्टरांना तर पॅक्ड लावूच नका: कम्पायलर ३२ बिटांचं एक वाचन चार बाइटांत तोडू शकतो, आणि बऱ्याच डिव्हाइसना ते चालत नाही. पॅक्ड फील्डचा पॉइंटर दुसऱ्या फंक्शनला दिला, तर त्या फंक्शनला तो पत्ता अनअलाइन्ड असल्याचं कळत नाही. जीसीसी कम्पायलरच्या ९व्या आवृत्तीपासून याची वॉर्निंग मिळते. ती बंद करू नका.

प्रश्न : बोर्ड अजून हातात नाही. तिथले आकार आधी कसे कळतील?

उत्तर : साइझऑफ (आकार) आणि ऑफसेटऑफवर (फील्डची जागा) स्टॅटिक असर्ट, म्हणजे कम्पाइल होतानाच तपासली जाणारी अट, लिहा. क्रॉस-कम्पायलर ते टार्गेटच्याच नियमांनी तपासतो, काही चालवावं लागत नाही. डीबग माहितीसह बनवलेल्या ऑब्जेक्ट फाइलवर पाहोल (pahole) हे साधन चालवलंत, तर कुठल्या फील्डनंतर किती बाइट मोकळे आहेत तेही दिसतं.