हूड असलेली जुनी मर्सिडीज रोज चालवायची का? आर्वीकडच्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नागपूरला एका घरी 1995ची ई 220 कॅब्रिओले सात वर्षांपासून उभी आहे. मालकाने विलायतेहून येताना सोबत आणलेली, उजव्या हाताचं स्टेअरिंग, बटणावर उघडणारा हूड, म्हणजे घडी होणारं कापडी छत. तुम्हाला ती घेऊन रोज वर्ध्याला नोकरीवर जायचं आहे आणि झेपेल का, हे विचारताय. त्यावर दोघांनी "येडा झाला का बे" लिहिलं आणि एकाने "विंटेज नंबर घेऊन टाका" असा सल्ला दिला. मला दोन्ही पटत नाही.

माझ्याकडे हीच गाडी आहे, 1994ची. नऊ वर्षं झाली. हिंगणघाटला माझं कृषी केंद्र आहे, गावाहून जाऊन-येऊन 38 किलोमीटर, आणि आठवड्यातून एकदा वर्धा किंवा नागपूर. डिक्कीत बियाण्याच्या बॅगा असतात. तेव्हा जे लिहितो ते वापरून लिहितो.

आधी सोपं. हुडाच्या बाकी गाड्यांपेक्षा ही आपल्याकडे परवडते, कारण हिची सख्खी बहीण पुण्यात बनायची. मर्सिडीजने 1995 साली भारतात पहिली गाडी काढली ती हीच 124 बॉडीची (124 हा कंपनीचा मॉडेल नंबर) चार दरवाजांची ई 220. इंजिन तेच, 2.2 लिटर, चार सिलिंडरचं. ब्रेक, बुश, बॉल जॉइंट, रेडिएटर, फिल्टर बहुतेक सगळं तिच्याशी जुळतं, आणि नागपूर-पुण्याच्या भंगार बाजारात त्या गाड्या अजून कापल्या जातात. टायर 195/65 आर 15, म्हणजे तालुक्याच्या दुकानातही मिळतो. न जुळणाऱ्या वस्तू म्हणजे हूड, काचा, दरवाजे आणि रबरी पट्ट्या. त्या बाहेरून येतात आणि तेव्हा खिसा मोकळा होतो. म्हणून गाडी बघताना इंजिनाआधी हूड बघा. इंजिन आपल्याकडे कोणीही बांधून देईल.

आता वायरिंग. 1993 ते 1995च्या या इंजिनांच्या वायरिंगवर अशा जातीचं प्लास्टिक चढवलेलं होतं की ते उष्णतेने वाळून भुगा होतं. जगभर माहीत असलेली गोष्ट आहे. माझ्या गाडीचं मागच्या मालकाने आधीच बदललं होतं, पण नागपूरला एक बदललेलं नसलेलं पाहिलं. इंजिनावरचं झाकण काढून एक वायर बोटांत धरून हलकेच वाकवली, तर भाजलेल्या शेंगदाण्याचं साल निघावं तसं आवरण हातात आलं आणि आत तांबं उघडं. अशा गाडीला सेल्फ मारला तर शॉर्ट होऊन कॉम्प्युटरही जातो. तुमची गाडी नेमकी त्याच सालांतली आणि सात वर्षं उभी. हार्नेस, म्हणजे इंजिनाच्या वायरिंगचा सगळा जुडगा, बदलल्याचं बिल नसेल तर बॅटरी जोडूच देऊ नका, आधी वायर बघा.

आपल्याकडचा खरा वैरी ऊन. नवतपात आपल्याकडे पारा 45च्या वर जातो हे तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत हूड उघडून फिरणारा माणूस मी अजून पाहिला नाही, मीही फिरत नाही. एप्रिल ते जून माझी गाडी हूड लावलेली, एसी चालू, अगदी साध्या गाडीसारखी असते. हूड जाड आहे, दोन कापडांमध्ये अस्तर आहे, मागे काच खरी आहे, त्यामुळे आत भट्टी होत नाही. फक्त दुपारी उन्हात उभी करू नका. उघडायचे दिवस दिवाळीनंतर ते होळीपर्यंत, सकाळी सात ते दहा. आणि पावसाळ्यात एखादी उघाड पडलेली संध्याकाळ, वावरातून ओल्या मातीचा वास येतो तेव्हा. वर्षाचे धरले तर साठ-सत्तर दिवस. तेवढ्यासाठीच घेतली आहे म्हणा ना.

रेडिएटरचा किस्सा माझ्याच मूर्खपणाचा. पहिल्या उन्हाळ्यात पाणी कमी दिसलं, मी दुकानामागच्या बोअरचं पाणी ओतलं. आपल्या बोअरचं पाणी किती जड, कूलरच्या टाकीत पांढरे थर बघता ना? तेच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसले. पुढच्या मे महिन्यात हायवेवर काटा लाल खुणेला टेकला. कडुनिंबाखाली दोन तास बसलो, एका ट्रॅक्टरवाल्याने ओढत आणलं आणि वाटेत गावभर माझी वरात निघाली. तेव्हापासून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे, दर दोन वर्षांनी नवीन. काटा शंभराच्या अलीकडे घुटमळत असेल तर घाबरू नका, या गाड्यांचा स्वभावच तसा आहे. पंख्याचा व्हिस्कस क्लच, म्हणजे इंजिन तापलं की पंख्याला पकड देणारा भाग, मात्र आधीच तपासून घ्या. गार इंजिनावर पंखा हाताने सैल फिरतो, तापल्यावर त्याला जोर लागला पाहिजे.

कापसाच्या दिवसांत आणखी एक भानगड. जीनिंगच्या रस्त्याने रोज गेलं की कापसाचा भुस्सा एसीच्या जाळीत आणि रेडिएटरच्या मध्ये जाऊन बसतो. बाहेरून काही दिसत नाही. जानेवारीत आम्ही दोन्ही सुटे केले तर मध्ये गोधडी भरावी एवढा निघाला. पाणी मारायचं ते इंजिनाकडून पुढच्या बाजूला, साध्या नळाच्या धारेने. प्रेशर पंप मारला की पत्रे वाकतात.

आता हूड, तुमचा मुख्य खर्च. तो हायड्रॉलिकवर चालतो, त्याचे सिलिंडर काही वर्षांनी गळतात. सीटमागे, कापडाच्या घडीत किंवा डिक्कीत तेलाचा डाग दिसला की समजा. माझ्याकडे एका गॅरेजात पोराने हुडाच्या टाकीत चक्क ब्रेक ऑइल ओतलं. ब्रेक ऑइलने या सील फुगतात. महिनाभरात हूड अर्ध्यावर अडकला, आणि तो दिवस नेमका जुलैचा. शेवटी सिलिंडर काढून एका माणसाकडे दिले, जो जेसीबीचे सिलिंडर बांधतो. त्याने बारीक सील बसवून दिल्या, सहा वर्षं झाली, थेंब गळाला नाही. सगळं काही मुंबईलाच न्यावं लागतं असं नाही, भाऊ. हायड्रॉलिक हे हायड्रॉलिक असतं, सील आणि तेल फक्त बरोबर पाहिजे.

वापरताना एवढं सांभाळा की ओला हूड घडी करून ठेवायचा नाही, बुरशी धरते. वॉशिंग सेंटरवर प्रेशरची धार कापडावर मारू द्यायची नाही. आणि वापरायचा नसला तरी महिन्यातून दोनदा उघडून लावायचा, मे महिन्यात पहाटे. नाहीतर रबर चिकटतं.

वानरांचं मात्र कोणी सांगत नाही. आमच्या घरासमोर चिंच आहे. पत्र्याच्या गाडीवर वानर उडी मारतं, पोचा पडतो, विषय संपतो. कापडावर त्याला बहुधा झोपाळ्यासारखं वाटलं. दोघांनी उड्या मारल्या, तिसऱ्याने शिवणीत बोट घालून ओढलं. मी धावत आलो तेव्हा ते आरामात मागच्या काचेजवळ बसलं होतं आणि वीतभर फाटलेल्या हुडाकडे माझ्याआधी त्याचंच लक्ष होतं. ताडपत्री शिवणाऱ्याकडून आतून ठिगळ लावून घेतलं, वरून दिसतही नाही. तेव्हापासून गाडी कोठ्यात, टिनाखाली. पण कोठ्यात सरकी असेल तर उंदीर येणार, उंदीर आले की वायर कुरतडणार. मी सरकी हलवली, बैल तिथेच आहेत.

रस्त्याबद्दल. छत कापलेली गाडी खडबडीत रस्त्यावर थोडी थरथरतेच. कंपनीने बॉडी मजबूत केली आणि थरथर मारायला कोपऱ्यांत वजनंही बसवली. डेंटिंगवाला ती फालतू लोखंड म्हणून काढून फेकतो, लक्ष ठेवा. थरथर अचानक वाढली तर बॉडीवर खापर फोडू नका, आधी बुश आणि इंजिनाचे माउंटिंग बघा. रात्री रोही (नीलगायी) आणि डुकरं आडवी येतात, तेव्हा साठच्या वर जाऊ नका. समृद्धीवर 120ची मर्यादा आहे आणि गाडी ती हसत गाठते, पण उन्हाळ्यात त्या काँक्रीटवर सहा वर्षांहून जुने टायर घेऊन चढू नका, नक्षी कितीही शाबूत दिसो.

पेट्रोल आता 20 टक्के इथेनॉलचं आहे. 1995चे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नाहीत. घेतल्या-घेतल्या टाकीपासून इंजिनापर्यंतचे पाइप इथेनॉल सोसणारे टाका, पंपाजवळचे आधी. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून ते भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणं वाईट. रोज चालणाऱ्या गाडीत टाकी आठवड्यात रिकामी होते. तुमच्या सात वर्षं उभ्या गाडीची टाकी मात्र उतरवून धुवावीच लागेल. मला एसी लावून लिटरला आठ-नऊ मिळतात.

कागदपत्रं. विंटेजचा सल्ला देणाऱ्या मित्राला सांगतो: 2021च्या नियमानुसार विंटेज नोंदणी 50 वर्षांवरच्या गाडीला मिळते, आणि त्या "व्हीए" नंबरची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. म्हणजे तुमच्या कामाची नाहीच. तुम्हाला साधी आरसी, दर पाच वर्षांनी रिन्यू. इथे खरा धक्का आहे. ऑगस्ट 2025च्या अधिसूचनेने 20 वर्षांवरच्या कारची रिन्युअल फी 10,000 रुपये झाली, पण आयात केलेल्या चारचाकीची 80,000. तुमची आयात केलेलीच आहे. सात वर्षं उभी म्हणजे आरसीची मुदत बहुधा संपली असेल. ती रिन्यू करून देण्याची अट मालकावर टाका, किंवा तेवढे पैसे भावातून कापा. विम्यात पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनीशी बोलून ठरते, फोटो आणि बिलं दाखवून वाढवून घ्या.

खर्च विचारलात. गेल्या वर्षी पेट्रोल सोडून माझे 85 हजार गेले, त्यात टायर होते. त्याआधीच्या वर्षी 40 हजार. पहिल्या वर्षी मात्र अडीच लाख गेले होते, बायकोला दीड सांगितले होते. ती हे वाचत नाही.

तर माझं उत्तर हो, पण घरी दुसरी गाडी असू द्या, फटफटी असली तरी चालेल. एखादा पार्ट यायला तीन आठवडे लागतात आणि नोकरी थांबत नाही.

बघायला जाल तेव्हा सकाळी जा आणि मालकाला फोन करून सांगा की बोनेट उघडू नका, बॅटरी जोडू नका. वायर बघून झाली की दुसऱ्या चांगल्या बॅटरीवर हूड तीनदा उघडून लावायला सांगा. तिसऱ्यांदा तो रेंगाळतो का, ते बघा. मग गाडीखाली पुठ्ठा टाका आणि चहा प्यायला जा. परत येऊन पुठ्ठ्यावर कुठे कोणत्या रंगाचा थेंब आहे त्याचा फोटो इथे टाका, मी सांगतो काय गळतंय ते.